ओवाळणीची गाडी

आत्माराम आमच्या गावचा. गाव माणगावच्या पुढे, डोंगराच्या पोटाशी. तिथून जो कोणी वर जातो तो मुंबईला गेला असंच आम्ही म्हणतो. आत्मारामही मुंबईलाच गेला, पण त्याने मुंबई फारशी पाहिली नाही. त्याची मुंबई म्हणजे भाईंदरजवळच्या हाटकेशातली पत्र्याची शेड, तिच्यातली पट्ट्याची करवत आणि गोडदेवच्या चाळीतल्या दोन खोल्या. आधी तो दुसऱ्याच्या वखारीत लाकूड कापायचा. पुढे स्वतःची करवत बसवली, हाताखाली दोन माणसं आली. लाकूड त्याच्याशी बोलायचं म्हणतात. मला ते खरं वाटतं, कारण माणसांशी तो फार थोडं बोलायचा.

दिवसभर करवतीच्या किंचाळण्यात उभा राहणारा हा माणूस संध्याकाळी घरी आला की भांडं खाली ठेवतानाही हात सावरून ठेवायचा. त्याला कारण त्याची बायको.

सुगंधाच्या उजव्या कानामागचं हाड सडलं होतं. डॉक्टरांनी ते कोरून काढलं. जीव वाचला, पण मोठा आवाज कानात शिरला की तिच्या पायाखालची जमीन फिरायला लागायची. भिंती कलायच्या, पोटात ढवळून यायचं, आणि असेल तिथे ती आडवी व्हायची. त्या घरात कुकरला शिटी नव्हती. शेजारच्या हंसाबेन मिक्सर लावायच्या आधी भिंतीवर दोनदा टकटक करायच्या, म्हणजे सुगंधाला कानावर उशी दाबून बसता यायचं. वर्षानुवर्षं ती टकटक एकदाही चुकली नाही. चाळीतली पोरं फटाके घेऊन मैदानापलीकडे जायची. हे सगळं कोणी ठरवून केलं नव्हतं. सुगंधाचा स्वभावच असा, की माणसं तिच्यासाठी आपोआप हळू बोलायची.

पण रस्ता कोणासाठी हळू बोलत नाही. ऑपरेशननंतर ती एकदाच एस.टी.ने माहेरी निघाली होती. माहेर महाडजवळ. वडखळच्या स्टँडवर तिला उतरवावं लागलं. बाकड्यावर तासन्‌तास पडून होती, आणि आत्माराम तिला तशीच परत घेऊन आला. त्यानंतर पाच-सहा वर्षांत तिने माहेरचा उंबरठा पाहिला नाही.

माहेरी म्हातारे वडील आणि धाकटी बहीण उर्मिला. भाऊ नाही. आई उर्मिलाच्या बाळंतपणातच गेली, तेव्हा सुगंधाच बारा वर्षांची. उर्मिलाला कडेवर घेऊन तिने भाकऱ्या थापल्या, कडेवर घेऊन पाणी भरलं. भाऊबीजेला दोघी बहिणी खळ्यात उभ्या राहून चंद्राला ओवाळायच्या, कारण ओवाळायला घरात दुसरं कोणी नव्हतं.

त्र्याण्णवच्या पावसाळ्यात उर्मिलाचं लग्न ठरलं. मार्गशीर्षातली तिथी. उर्मिलाने निरोप पाठवला, "ताईच्या हातची पहिली हळद अंगाला लागल्याशिवाय मी पाटावर बसायची नाही. मग नवरदेव मांडवात उभा राहो नाहीतर परत जावो."

सुगंधा हसली. मग पदर तोंडाला लावून खूप वेळ बसली. आत्मारामने ते पाहिलं आणि त्याच रात्री म्हणाला, "गाडी घेऊ. आवाज न करणारी."

असं त्या घरात व्हॅन शोधणं सुरू झालं.

नवी गाडी झेपणारी नव्हती, जुनीच बघायची होती. मध्ये मुलगी बसेल, मागे आई आडवी होईल, वखारीचं एखादं सामानही जाईल, एवढी तरी हवी. दर रविवारी आत्माराम, सुगंधा आणि त्यांची संजना, जी तेव्हा सहावीत होती, अशी तिघं निघायची. लोक गाडी बघताना रंग बघतात, टायर बघतात, दार आपटून बघतात. ही बाई मागच्या सीटवर बसून डोळे मिटायची. आत्माराम गाडी चालवायचा आणि आरशात तिच्या हाताकडे बघायचा. हात मांडीवर राहिला तर ठीक. हाताने सीट घट्ट धरली, की तो गाडी वळवायचा.

भाईंदर पश्चिमेला मोरव्याच्या वाटेवर एक दलाल होता. त्याने तिसऱ्या गाडीनंतर हात जोडले.

"भाभीजी, गाडी लेनी है के इसमें सोना है?"

"दोन्ही," सुगंधा डोळे न उघडता म्हणाली.

"मग पलंग घ्या ना! चार पाय, आवाज नाही, पेट्रोल नाही!"

संजना खदखदून हसली. सुगंधाही हसली, पण हात सीटवर घट्ट होता. आत्मारामने चावी परत केली.

शेवटी मीरा रोडला एक गाडी मनात भरली. मालक हरिश्चंद्र नावाचे गृहस्थ, गिरगावातून बिऱ्हाड हलवून नव्या इमारतीत राहायला आलेले, बँकेत नोकरीला. गाडी निळसर, जपलेली. सुगंधाचा हात मांडीवर राहिला. फक्त एका ठिकाणी बोटं जराशी हलली.

"तिसऱ्या गिअरला थोडी गुणगुणते," हरिश्चंद्र आपणहून म्हणाले. "मी कानाला लावून घेत नाही, पण तुम्हाला सांगितलेलं बरं. तुमच्या मिस्त्रीला दाखवा आणि मगच ठरवा."

परत येताना सुगंधा म्हणाली, "एवढं गुणगुणणं मी सोसेन हो. आपली हंसाबेन भजन म्हणते ना, तेवढंच आहे."

गाडी जवळजवळ ठरलीच होती. आणि दारात धाकू उभा राहिला.

धाकू म्हणजे आत्मारामचा बालमित्र. दोघं एकाच दिवशी गाव सोडून आले, एका ताटात जेवले, एका चादरीखाली झोपले. आत्माराम लाकडात गेला, धाकू गाड्यांत. दोन व्हॅन घेऊन शाळेच्या मुलांची ने-आण करायचा. बोलण्यात पटाईत, हातचा मोकळा. आत्मारामचं लग्न झालं तेव्हा तो सुगंधाला वैनी म्हणायचा. पहिल्या दिवाळीत त्याने तिला एकटीच गॅलरीत चंद्राला ओवाळताना पाहिलं. दुसऱ्या वर्षी भाऊबीजेला नवा सदरा घालून आला आणि पाटावर येऊन बसला. म्हणाला, "चंद्र लांब हाय, मी जवळ हाय. ओवाळ मला, ताई." तेव्हापासून तो तिचा मानलेला भाऊ. तिला ऑपरेशनला नेलं तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर आत्मारामच्या शेजारी बसला होता तो धाकूच.

"मीरा रोडचं गाडं घेतोयस म्हणे?" धाकूने विचारलं. "आणि घरचा माणूस काय मेला का?"

"तुझ्या गाड्या पोरांच्या. वापरून खिळखिळ्या," आत्माराम म्हणाला.

"पांढरी बघ ना! मी स्वतः चालवतो ती. दिवाळी होऊ दे. जरा धुऊन-पुसून, तेलपाणी करून देतो. ताई, तुला सांगतो, माशी बसली तर माशीचा आवाज येईल, गाडीचा नाय."

मग जाता जाता तो आत्मारामला म्हणाला, "आत्मा, तुझ्या शेडमधला थोडा भुसा दे रे. पिंकीला दारात मोठी रांगोळी घालायचीय. बारीक हवा, मैद्यासारखा."

पिंकी धाकूची मुलगी. तिच्यासाठी मागितलं म्हटल्यावर आत्मारामने नुसता भुसा दिला नाही. त्या वेळी एका देवळाच्या गाभाऱ्याच्या चौकटीसाठी फणसाचं जुनं खोड कापायला आलं होतं. फणसाचा भुसा मुळातच हळदीसारखा पिवळा. पोरीला रंग मिसळायचीही गरज पडू नये म्हणून त्याने तो वेगळा काढला, सुगंधाची मैद्याची चाळणी नेऊन दोनदा चाळला, एक कुसळ त्यात राहू दिलं नाही. सांजेच्या उन्हात पत्र्याखाली बसून चाळणी हलवणारा आत्माराम मला अजून दिसतो. हाताला पिवळं लागलेलं, आणि तोंडावर समाधान.

दिवाळीत तो धाकूकडे फराळाला गेला. दारातली रांगोळी पांढरी होती, साधी, चार ठिपक्यांची. त्याने ती पाहिली. ओलांडली. आत जाऊन लाडू खाल्ला.

भाऊबीजेला धाकू पांढरी व्हॅन घेऊनच आला. पाटावर बसला, सुगंधाने कुंकू लावलं, ओवाळलं, आणि त्याने ताटात गाडीची चावी ठेवली. गाडीचे पैसे आत्माराम देणारच होता, ते ठरलं होतं. पण चावी ताटात पडली आणि व्यवहाराची ओवाळणी झाली. चाळीतल्या बायका दारात गोळा झाल्या. सुगंधाच्या डोळ्यांत पाणी होतं.

हंसाबेन गाडीभोवती एक फेरी मारून आल्या. "भाई, मिस्त्री को दिखाया के नहीं?" त्यांनी आत्मारामला हळूच विचारलं.

सुगंधाने ते ऐकलं. "काय हो हंसाबेन! भावाची ओवाळणी कोणी पारखून घेतं का? उद्या म्हणाल, ओवाळणीची साडी मोजून घे."

आमच्याकडे हीच रीत आहे. ओवाळणीचं ताट उजेडात धरून बघत नाहीत. आत्मारामच्या ओठांवर आलं होतं, की एकदा दाखवू या. ते त्याने गिळलं. मीरा रोडला जाऊन त्याने हरिश्चंद्रांना नकार कळवला. ते म्हणाले, "घरातलीच मिळाली ना? मग उत्तमच."

त्या संध्याकाळी ते तिघं उत्तनच्या वाटेने समुद्रापर्यंत जाऊन आले. गाडी अशी गेली, जशी होडी पाण्यावरून जावी. सुगंधाचा हात सीटवर गेलाच नाही. वाळत घातलेल्या माशांचा वास काचेतून आत येत होता, आणि ती डोळे उघडे ठेवून बाहेर बघत होती. "अहो," ती म्हणाली, "चालत्या गाडीतून झाडं बघून किती वर्षं झाली मला."

महिनाभर गाडी कामापुरतीच निघाली. बाजार, दवाखाना, एकदा वखार. आवाज नव्हता.

हळदीच्या दिवशी पहाटे ते निघाले. घोडबंदरच्या वळणांवरून ठाणे, मग पनवेल, पेण. वडखळच्या स्टँडसमोरून जाताना सुगंधाने बोट दाखवलं. "संजू, ते बाकडं. तिथे पडले होते मी." आणि ती अशी हसली, जशी एखादा जुना शत्रू मागे टाकून पुढे जाणारी बाई हसेल. मांडीवर तिने हळदीची चांदीची वाटी धरली होती. आईची होती ती.

नागोठणे मागे पडलं आणि सुकेळी खिंडीच्या चढाला गाडीच्या पोटातून एक बारीक स्वर आला. आधी आत्मारामला वाटलं, लांबून कुठे गिरणी चालू आहे. मग स्वर वाढला. मागच्या चाकांच्या मधून, सुगंधाच्या सीटखालून, तो रडण्यासारखा उठत गेला. खिंड उतरताना तर त्याची करवत झाली. आत्मारामने आरशात पाहिलं. सुगंधाने दोन्ही हातांनी सीट धरली होती, वाटी खाली पडली होती, आणि तोंडाला रंग राहिला नव्हता.

"थांबा," ती म्हणाली. "मला उतरवा."

कोलाडला रस्त्याकडेला एक गॅरेज होतं. वडाच्या सावलीत चटई टाकून सुगंधाला निजवलं. ती ओकत होती, आणि ओकून झालं की डोळे मिटून जमीन धरत होती, जणू जमीनच तिला टाकून देणार होती. संजना कपाळावर ओला रुमाल धरून बसली.

गॅरेजवाला सदू मिस्त्री गाडीखाली सरकला. मागच्या आसाच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, ज्यात चाकं फिरवणारे मोठे दाते असतात, त्याचं बूच त्याने उघडलं. तेल गळायला हवं होतं. त्याऐवजी काळा, घट्ट लगदा बाहेर आला, नाचणीच्या आंबिलीसारखा.

मिस्त्री खालूनच हसला. "कोणी दिली गाडी तुम्हाला?"

"घरातल्याने."

हसू थांबलं. तो बाहेर आला. "दाजी, हे दाते झिजून गेलेत. झिजलेले दाते रडतात. मग विकणारा काय करतो, तेलात लाकडाचा भुसा कालवून भरतो. दातांमध्ये भुसा बसतो, आवाज बंद. जवळपास फिरवा, महिना-दोन महिने कळत नाही. लांब निघालात, तापलं, भुसा जळला, की झालं. रडणाऱ्याच्या तोंडात बोळा कोंबावा, तशी गत."

आत्मारामने त्या लगद्यातली चिमूट उचलली. बोटांत चोळली. कुसळ लागलं नाही, टोक लागलं नाही. मैद्यासारखा. त्याने मिस्त्रीकडून वाटीभर रॉकेल मागून घेतलं आणि ती चिमूट त्यात धुतली, एकदा, दोनदा, आणि तळहातावर घेतली. काळं निघून गेलं. तळहातावर पिवळं उरलं.

तो तिथेच, तेलाच्या डागात, बसला. दिवाळीतली ती चार ठिपक्यांची पांढरी रांगोळी त्याला आत्ता दिसली. तो चाळणी हलवत होता तेव्हा धाकू शेजारी बसून विडी ओढत होता, आणि म्हणत होता, अजून बारीक कर रे, आत्मा. स्वतःच्या बायकोच्या चाळणीने, स्वतःच्या हाताने, पोरीच्या कौतुकाने चाळलेला भुसा.

सुगंधाने डोळे उघडले होते. "काय निघालं?"

त्याने लपवलं नाही. त्याला लपवताही येत नसे. तळहात तिच्यासमोर धरला आणि सगळं सांगितलं. ती त्या पिवळ्या चिमटीकडे बघत राहिली.

"त्याला माहीत होतं ना हो," ती म्हणाली. "मला काय होतं ते. गाडी गळकी दिली असती, गंजकी दिली असती, तरी मी काही म्हटलं नसतं. नेमकी आवाजाचीच..."

मिस्त्रीने सांगितलं, नवे दाते पनवेलहून आणावे लागतील, दोन दिवस जातील. दुसरी गाडी म्हणजे डिझेलची जीप, तिचा आवाज ह्याहून मोठा. ही पन्नास किलोमीटर अजून ओढेल, पण रडत ओढेल. ऊन कलायला लागलं होतं. महाडकडे उर्मिला पाटाजवळ उभी असणार.

"मग परत भरा," सुगंधा म्हणाली.

आत्मारामला कळेना. "काय?"

"भुसा. भरा परत."

"माझ्या हाताने?"

"तुमच्याच हाताने. त्याने चोरून भरला. तुम्ही माझ्यासमोर भरा. मला कळू दे तरी, कशावर बसून चाललेय मी."

रस्त्यापलीकडे एक सुतार बैलगाडीचं जू तासत होता. त्याच्याकडून सागाचा भुसा आणला. आत्मारामने आपलं लग्नासाठी घेतलेलं नवं उपरणं पसरलं आणि त्यातून तो गाळला. मिस्त्री तेल ओतत होता, आत्माराम मुठीने भुसा सोडत होता. आयुष्यात त्याने लाकूड कधी वाकडं कापलं नव्हतं. कोणाला ओलं लाकूड सुकं म्हणून दिलं नव्हतं. त्या दुपारी दर मुठीनंतर तो हात सदऱ्याला पुसत होता, ते संजनाने पाहिलं. पुढे कधीतरी तिनेच मला हे सांगितलं.

गाडी निघाली. पुन्हा होडी. पुन्हा आवाज नाही. पण सुगंधाने वाटभर एक हात सीटवरच ठेवला होता.

दिवे लागायच्या वेळी ते मांडवात पोचले. उर्मिला पाटाजवळ उभी होती, खरोखरच उभी. सुगंधाला दोन बायकांनी धरून आणलं. तिने आईच्या वाटीत नवी हळद घेतली आणि बहिणीच्या गालाला लावली. बायका ओव्या म्हणत होत्या, दबक्या आवाजात. कारण मांडवातल्या वाजंत्र्याला म्हाताऱ्याने आधीच सांगून ठेवलं होतं, माझी थोरली येतेय, तू वाजवू नकोस.

धाकू लग्नाला आला नाही. शाळेची पोरं आहेत म्हणाला. उर्मिलासाठी साडी पाठवली होती.

लग्नानंतर महाडला नवे दाते बसवून गाडी खरी केली. ती थोडी गुणगुणायला लागली, हरिश्चंद्रांच्या गाडीसारखी. परतीच्या वाटेवर सुगंधा म्हणाली, "तुम्ही त्याला काही बोलायचं नाही. ओवाळणी माझ्या ताटात पडली होती. काय ते मी बघेन."

त्या वर्षभर आत्मारामने ते पाळलं. गोडदेवच्या नाक्यावर धाकू भेटायचा, खांद्यावर हात टाकायचा. "काय आत्मा, गाडी काय म्हणते?"

"तू दिलीस तशी आहे," आत्माराम म्हणायचा आणि चालायला लागायचा. घरी येऊन मात्र त्याला जेवण जायचं नाही. चोर चोरी करून जातो, त्याचं तोंड परत दिसत नाही. हा रोज दिसत होता.

पुढच्या भाऊबीजेच्या सकाळी सुगंधाने विचारलं, "तो फणसाचा भुसा उरलाय का शेडमध्ये?"

डब्याच्या तळाशी होता. आत्मारामने आणून दिला.

तिने पाट मांडला. पाटाभोवती ठिपके काढले आणि त्या पिवळ्या भुशाने रांगोळी भरायला बसली. वेल काढली, पानं काढली, कोपऱ्यांत कमळं काढली. सकाळभर ती त्यावर वाकून होती. चांगल्या माणसासाठी काढावी तशी देखणी रांगोळी काढली. निरांजन, सुपारी, कुंकू असं ताट सजवलं, आणि वाट बघत बसली.

संध्याकाळी धाकू आला. नवा सदरा, हातात मिठाईचा पुडा. "ताई, आज उशीर झाला बघ, ट्रॅफिक काय..." म्हणत तो उंबरठा ओलांडून आला आणि पाटाजवळ थांबला.

निरांजनाच्या उजेडात ती रांगोळी हळदीसारखी दिसत होती. तो खाली वाकला. बोट टेकवलं. उचलून डोळ्यांजवळ धरलं. मैद्यासारखा.

"पिंकीच्या रांगोळीतला उरला होता," सुगंधा म्हणाली. आवाज शांत होता. हातात ताट होतं, ज्योत हलत नव्हती. "बस ना, दादा."

धाकू बसला नाही. त्याने आत्मारामकडे पाहिलं. आत्माराम भिंतीकडे बघत होता. "इस्कुलवाले पोरं काढून घेणार होते..." धाकू बोलायला लागला. "गाडी रडते म्हणून. मला वाटलं, तुम्ही लांब कुठे नेणार... जवळच्या जवळ..." शेजारून हंसाबेनची टकटक आली, दोनदा, रोजच्यासारखी. मिक्सर लागायचा होता. सुगंधाने ताट एका हातात घेतलं आणि दुसरा हात कानावर ठेवला. मिक्सर थांबेपर्यंत सगळी तशीच उभी होती, आणि धाकू तिच्या कानावरच्या हाताकडे बघत होता.

आवाज थांबला. त्याने मिठाईचा पुडा खिडकीत ठेवला. पाटाला वळसा घालून, रांगोळीला पाय न लागू देता, तो दारापर्यंत गेला. चपला घालता घालता पाठमोराच म्हणाला,

"येतो, वैनी."

जिना उतरल्याचा आवाज येईपर्यंत सुगंधा हलली नाही. मग तिने संजनाला दार लोटायला सांगितलं, आणि ताट घेऊन गॅलरीत गेली. मिठागरांच्या वर दुजेची कोर होती, नखाएवढी. तिने ज्योतीआड हात धरला आणि ओवाळायला लागली.